बाविसाव्या चालीला चपला बाहेर

पोतनीसकाका बाविसाव्या चालीच्या आधी चपला काढायचे.

आणि कुठं, तर माझ्या गॅरेजात. जिथल्या जमिनीवर बारा महिने ऑइल सांडलेलं, आणि ते सगळं मीच सांडलेलं. बाकड्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. काका एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत असायचे. एकविसावी चाल झाली की थांबायचे, वाकायचे, दोन्ही चपला काढून बाकड्याखाली सारायचे आणि मग पांढरा वजीर उचलायचे. घरी जाताना तळपाय काळे कुळकुळीत. त्यांच्याकडे कामाला येणारी बाई रस्त्यात भेटली की मला शिव्या द्यायची, त्या का देते हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तिला हसून "केम छो" करत होतो.

"काका, खडा गेला का चपलेत?" मी पहिल्यांदा विचारलं.

"नाही रे. इथून पुढं देवळाचा भाग लागतो."

मी मान डोलावली. काही कळलं नाही की मी मान डोलावतो. तेवढं एक काम मी एकाही हत्याराशिवाय चोख करतो.

पोतनीस म्हणजे बडोद्याच्या जुन्या संस्थानी मंडळींपैकी. पणजोबा खजिन्यावर होते. काकांपर्यंत येईतो खजिना गेला होता, आडनाव तेवढं हाताशी राहिलं होतं. ते स्वतः सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळून रिटायर झालेले. काकू आधीच वारल्या होत्या. मुलगा सुहास बेंगलोरला कॉम्प्युटरात. काका कारेलीबागेत आमच्या गॅरेजामागच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहायचे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. आणि एक निळी स्कूटर, जी आठवड्यातून चार दिवस चालायची. माझ्याकडे यायला लागल्यावर ती दोन दिवस चालायला लागली.

ते पहिल्यांदा आले तेच स्कूटर ढकलत. दारात थांबले. वर बोर्डाकडे बघितलं, एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून. मग हसत हसत आत आले नि म्हणाले, "बबनशेठ, तुमच्याइतका खरं बोलणारा मिकॅनिक सबंध बडोद्यात नाही."

मी इतका खूश झालो की त्या दिवशी त्यांचा कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. रात्री बायकोला, शोभाला, सांगितलं की मोठ्या घरचे लोक माणूस बरोबर ओळखतात.

आता बोर्डाचं सांगायला हवं. मला वाचता येत नव्हतं. शाळेत माझं नाव होतं, मी नव्हतो. मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा मी कोपऱ्यावरच्या गॅरेजात टायरमध्ये हवा भरत असायचो. आकडे यायचे, कारण दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, आणि बसचे नंबर. अक्षरांशी संबंध नव्हता. गॅरेज टाकलं तेव्हा नटू पेंटरला म्हटलं, गुजरातीत झकास लिही, इथं स्कूटर रिपेर करून मिळेल. नटू माझा दोस्त, आणि दोस्त असल्यामुळं त्यानं लिहिलं, "अहीं स्कूटर बगाडी आपवामां आवशे." म्हणजे इथं स्कूटर बिघडवून मिळेल. तो बोर्ड दोन वर्षं लटकला. गिऱ्हाइकं बोर्डाकडे बघून हसत हसत आत यायची. मला वाटायचं, आपला चेहराच प्रसन्न आहे.

काकांची स्कूटर खोलली की दोन-तीन तास जायचे. तेवढ्यात ते डिकीतनं पट काढायचे, सोंगट्यांचा डबा काढायचे आणि एक निळी वही काढायचे. वहीत डाव लिहिलेला. एकच डाव. कुठल्या तरी परदेशात, आपले खापरपणजोबा रांगत असतील त्या काळात, दोघं जण खेळून गेले होते. दर वेळी काका तोच मांडायचे.

"हे दोघं कोण, काका?"

"नावं मुद्दाम लिहिली नाहीत. नाव ऐकलं की लोक आधीच वाह म्हणतात."

डाव असा, की बाविसाव्या चालीला पांढऱ्याचा वजीर, म्हणजे पटावरचा सगळ्यात जबर गडी, सरळ चालत जातो आणि काळ्या राजाच्या मांडीला मांडी लावून बसतो. काळ्याचा हत्ती त्याला खातो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा च्यक् केलं नि म्हटलं, "अरेरे. वजीर गेला."

काकांनी लाल पेन माझ्या गुडघ्यावर मारलं. "गेला नाही. दिला. गेला ते तुझं पाकीट, लहरीपुऱ्याच्या गर्दीत. हा दिलाय."

पाकिटाचं त्यांना शोभानं सांगितलं होतं. आमच्या घरात माझ्या गोष्टी लवकर बाहेर पडतात.

तो लाकडी वजीरही पुढं मीच हरवला. झाडताना पट सांडला, एकतीस सोंगट्या सापडल्या, वजीर ऑइलच्या पिंपाखाली कुठं गेला तो गेलाच. काकांच्या वडिलांच्या वेळचा संच होता. मी दोन दिवस गॅरेज पालथं घातलं, तिसऱ्या दिवशी घाबरत घाबरत त्यांच्यापुढं एक जुना स्पार्क प्लग ठेवला. घासून चकचकीत केलेला, पांढरा, डोक्याला पितळ. उभा राहतो छान.

काकांनी तो हातात फिरवला. मला वाटलं, आता पट बंद करतात.

"आमच्या आजोबांनी तीन दिवाण बघितले," ते म्हणाले. "म्हणजे हा चौथा." आणि प्लग पटावर ठेवून दिला. तेव्हापासून दोनशे मैलांत कुठं नसेल असा आमचा वजीर, पेटवणारा.

काकांना त्या डावातनं काय हवं होतं ते त्यांनी एकदा सरळ सांगितलं. त्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले होते. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा काढता येत नाही. कडेकडेनं दिसणं कमी होत चाललं होतं. मी क्लच प्लेटा धूत होतो.

"बबनशेठ, वर्ष, फार तर दोन वर्षं. मग अंधार," ते म्हणाले. "त्याचं मला एवढं नाही. पण हा डाव मी ऑफिसात दाखवला, व्याह्यांना दाखवला, सुहासला तर लहानपणापासून दाखवला. सगळे वाह म्हणाले. एकालाही दिसला नव्हता. एका माणसाची खरी दाद मला बघायची आहे. ऐकायची नाही. बघायची आहे. ती डोळे असेतो झाली तर बरं."

"मी आहे ना काका!" मी म्हटलं.

आणि तिथनं मी दाद द्यायला लागलो. माझी पद्धत सोपी होती. मला डावातलं काही कळत नव्हतं, पण काका चपला काढतात तेव्हा वाह म्हणायचं असतं एवढं कळलं होतं. म्हणून मी पटाकडे बघायचोच नाही. काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातनं काकांच्या पायांवर नजर ठेवायची. वाकले, चपलेला हात लागला, की म्हणायचं, "वाह काका वाह! काय दिलाय वजीर!"

तीन महिने हे झकास चाललं. मग एका संध्याकाळी काका वाकले, मी पान्यासकट हात वर केला आणि ओरडलो, "वाह! वाह काका! काय दिलाय वजीर! तोड नाही!"

काका तसेच वाकलेले. "पंधरावी चाल आहे," ते म्हणाले. "मला डास चावलाय."

बाकड्यावर एक गिऱ्हाईक बसलं होतं तेही हसलं. मी स्कूटरच्या मागं तोंड घातलं.

"वडील सांगायचे," काका पाय खाजवत म्हणाले, "बडोद्यात गाण्याला लोक जायचे तेव्हा समेच्या आधी वाह म्हणणाऱ्याला उठवून मागच्या रांगेत बसवायचे. तुम्ही तर बबनशेठ, माझ्या चपलांना दाद देता."

त्यानंतर मी वाह म्हणणं बंद केलं. काकांनीही मला काही विचारणं बंद केलं. ते यायचे, मांडायचे, चपला काढायचे, वजीर द्यायचे, पट आवरायचे. पण मी बघत होतो. वही आता नाकापाशी यायला लागली होती. मग सोंगटी चाचपून उचलायला लागले. मग एक दिवस स्कूटर विकली, आणि पट काखेत मारून काठी टेकत यायला लागले. स्कूटर नसताना गॅरेजात येणारं ते माझं एकमेव गिऱ्हाईक. तसंही तोवर सगळीकडे नव्या मोटरसायकली आल्या होत्या आणि त्या माझ्याकडं बिघडवून घ्यायला कोणी आणत नव्हतं.

एका सकाळी त्यांनी वही माझ्या पुढ्यात धरली. "आजपासून तू वाच. मी ऐकतो. चाली तू कर."

माझ्या अंगाला घाम फुटला. मी वही घेतली, दोन पानं उलटली, घसा खाकरला.

"काका, अक्षर जरा... पुसट आहे."

"बबन."

शेठ गळून पडलं होतं. मी वही खाली ठेवली.

"ज्या माणसानं तो बोर्ड दोन वर्षं दारावर राहू दिला," काका म्हणाले, "त्याला वाचता येत नाही हे ओळखायला डोळे लागत नाहीत."

"बोर्डाला काय झालं?"

मग त्यांनी मला बोर्ड वाचून दाखवला.

मी बाहेर गेलो, वर बघितलं, आत आलो. "दोन वर्षं, काका? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुझी गिऱ्हाइकं हसत आत येत होती. कुठल्या दुकानात हसत येतात लोक? मी म्हटलं, राहू दे."

नटूला मी त्या दिवशी शोधत होतो. तो अजून सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा. शटरच्या पत्र्यावर खडूनं काका हातभर अक्षर काढायचे. दोघांनाही मोठंच लागायचं. मला येत नव्हतं म्हणून, त्यांना दिसत नव्हतं म्हणून. आधी पाच अक्षरं. राजाचा रा, वजिराचा व, हत्तीचा ह, उंटाचा उ, घोड्याचा घ. मग पटाच्या आठ उभ्या पट्ट्या, अ ब क ड इ फ ग ह. आडव्या ओळींना आकडे, ते मला येतच होते. म्हणजे "घ फ ७" लिहिलं तर घोडा उचलायचा आणि फच्या पट्टीत सातव्या घरात ठेवायचा. मारामारी झाली असेल तर चालीच्या पुढं लाल टिंब. एवढीच भाषा.

माझ्या डोक्यात त्याचा जो काही रस्सा झाला! शोभाबरोबर लहरीपुऱ्याला पार्ट आणायला गेलो की दुकानांच्या पाट्यांत ओळखीचं अक्षर दिसलं की मी ओरडायचो, "हत्ती! तो बघ उंट! इथं दोन घोडे!" ती चार पावलं पुढं चालायला लागली, अनोळखी बाईसारखी.

एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की ब येतो, म्हणजे आपण आपलं नाव लिहू शकतो. शटरवर लिहिलं, "बब". पुढं अडलो.

"काका, न कुठल्या पट्टीत आहे?"

"न बुद्धिबळात नाही."

"मग मी बबच राहणार?"

काका उठले. शटर चाचपत आले, माझं दुसरं ब बोटानं शोधलं, आणि त्याच्या पुढं अंदाजानं एक न काढला. जरा तिरका, वर चढलेला. "हे एक बुद्धिबळाबाहेरचं," म्हणाले. "तुझ्यासाठी." तो न मी पुसला नाही. शटर रंगवताना नव्या पेंटरला बजावलं, त्याच्या बाजूनं ब्रश फिरव.

तोवर काकांचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. खरी दाद बघायची राहिली ती राहिली. त्यावर ते बोलले नाहीत, आणि मला तो विषय काढायला तोंड नव्हतं. मी रोज वाचायला लागलो. आधी पाच चाली, मग दहा. काका डोळे मिटून भिंतीला टेकून बसायचे, सगळा पट त्यांच्या डोक्यात. मी चुकलो तर लगेच, "उंट तिथं जाणार नाही, बघ पुन्हा." मी बघायचो, आणि उंट खरंच जाणार नसायचा.

मग एका रविवारी सकाळी मी पहिल्यांदाच डाव शेवटपर्यंत न्यायला निघालो. गॅरेज बंद होतं, शटर अर्धं खाली. एकविसाव्या चालीला पांढऱ्यानं एकदम दोन्हीकडून शह दिला, आणि मी काळ्याची पुढची चाल जोडून वाचली.

"रा... ह... आठ. काका, राहा म्हणतोय हा."

"राजा, ह-आठ. पण बरोबर आहे तुझं. कोपऱ्यात जाऊन राहा. पुढं?"

मी राजा कोपऱ्यात ठेवला. मग बाविसावी. काका वाकले, चपला काढल्या. मी वाचलं, "व, ग, आठ." प्लग उचलून राजाच्या मांडीशी ठेवला. "शह."

"हं. आता काळा."

मी पुढची ओळ वाचली. मनातल्या मनात. अक्षर अक्षर लावून. ह. ग. मग जोडून.

माझे कान तापले. पुढं लाल टिंब होतं, म्हणजे प्लग मारला गेला इतकं कळलं. मी प्लग उचलून हळूच डब्यात ठेवला. पण तो शब्द? पोतनीसकाकांसमोर? ज्यांच्या पणजोबांनी खजिना सांभाळला? मी म्हटलं, एवढं वयस्कर माणूस वहीत असं का लिहील, काही तरी घरगुती राग असेल. ती ओळ सोडली.

"वाचतोस ना?"

"हो. झाली ती. पुढं घ, फ, सात."

"मात!" काका म्हणाले, आणि भिंतीला डोकं टेकून बसले. वाट बघत.

मी पटाकडे बघितलं. मात म्हणजे राजाला हलायला घर नाही, एवढं शिकलो होतो. राजा ह-आठच्या कोपऱ्यात. त्याच्या पुढं त्याचीच दोन प्यादी. आणि शेजारचं ग-आठ तर मोकळं.

"काका, मात नाही झालेली."

"काय?"

"राजा पळतोय. ग-आठला. रिकामं आहे."

काका सरळ बसले. ओठ हलायला लागले, मनात डाव मागं नेत होते. एकदा नेला, पुन्हा नेला. इतकी वर्षं मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, काचबिंदूच्या दिवशीसुद्धा नाही.

"डोळे गेले ते ठीक होतं," ते अगदी हळू म्हणाले. "आता डोकंही चाललं की काय रे?"

मी वही पुन्हा जवळ ओढली. आता लाज धरून चालणार नव्हतं.

"काका, तुमचं डोकं जागेवर आहे. मी एक चाल वाचली नाही."

"का?"

"घाण आहे."

"चाल घाण आहे?"

"तुमच्यासमोर तोंडातनं काढता येत नाही, काका."

"अक्षरं सांग. एक एक."

"ह."

"हां."

"ग."

काका थांबले. मग त्यांच्या पोटातनं काही तरी वर आलं. मला वाटलं उचकी. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते. इतके हसले की चष्मा काढून बाकड्यावर ठेवला, दिसत नसताना लावायचेच कशाला कोण जाणे. "तीस वर्षं!" ते म्हणाले. "तीस वर्षं मी हे लिहून ठेवलंय आणि एकदाही जोडून वाचलं नाही! अरे गाढवा, हत्ती! हत्ती ग-आठ! हत्तीनं तिथं येऊन वजीर खाल्ला. उचल तो हत्ती, ठेव ग-आठवर."

मी हत्ती उचलला. ग-आठवर ठेवला. आणि तिथंच माझा हात राहिला.

"आयला!"

"काय झालं?"

"आयला, काका! ह्यानं... थांबा. थांबा हं. हत्ती इथं आला म्हणून राजा अडकला की! आत्ता मी हत्ती हलवला नाही तर राजा सुटला होता. मीच सोडला होता! म्हणजे वजीर खायला दिलाच नाही. ह्या हत्तीला इथं बसवायला दिला! त्याचंच माणूस आणून त्याच्याच दारात बसवलं. आणि खाल्ल्याशिवाय इलाज नाही, शह आहे ना, राजाला खाता येत नाही, मागं घोड्याचा जोर आहे. खावंच लागतं! खाल्लं की मेला! आयला, हा माणूस आहे की कोण आहे?"

मी किती वेळ बडबडत होतो माहीत नाही. हत्ती काढत होतो, ठेवत होतो. काढला की राजा सुटतो, ठेवला की मरतो. काढला, ठेवला. भानावर आलो तेव्हा काका बाकड्यावरून खाली वाकले होते आणि त्यांचा हात माझ्या पायाला लागला होता.

मी उडालोच. "काका! काय करता! पाया काय पडता माझ्या!"

"पाया कोण पडतंय तुझ्या? गप उभा राहा. चपला बघतोय."

त्यांची बोटं माझ्या पावलावरनं फिरली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मी खाली बघितलं. चपला नव्हत्या पायात. केव्हा काढल्या, देवाला माहीत. ऑइलमध्ये उभा होतो.

काका परत भिंतीला टेकले. हात ऑइलनं काळा झालेला, तो तसाच मांडीवर ठेवला, पांढऱ्या पायजम्यावर.

"बघितली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईनं मला पायजम्यावरून वेगळ्या शिव्या दिल्या. त्या मी उभं राहून ऐकल्या.

दोन महिन्यांनी सुहास आला आणि त्यांना बेंगलोरला घेऊन गेला. एकट्या आंधळ्या माणसाला ठेवणार तरी कसं. स्टेशनावर काकांनी पट, डबा आणि वही माझ्या हातात दिली. मग डब्यात बोटं घालून प्लग काढून घेतला नि बुशशर्टाच्या खिशात टाकला, दोन पेनांच्या मधे.

"पट तुझा. वजीर माझा."

"काका, मी परत प्लगच लावणार आहे. माझ्याकडं पिंपभर आहेत."

"लाव ना. पाचवा दिवाण."

मग आमचं फोनवर सुरू झालं. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या बोर्डाची एसटीडी होती. तो बोर्ड मी स्वतः वाचायचो. रविवारी सकाळी दहाला मी काचेच्या केबिनमध्ये वही घेऊन उभा राहायचो नि वाचायचो, तिकडं काका डोक्यातल्या पटावर ऐकायचे. बाहेर लाइनीत उभे लोक काच वाजवायचे, "भई, पतावो ने!", म्हणजे आटप की बाबा. मी त्यांना हातानं थांबवायचो, जशी काही परदेशात बोलणी चाललीत. बाविसाव्या चालीला काका म्हणायचे, "थांब." मग फोनमधनं आवाज यायचा. टप. टप. दोन चपला, बेंगलोरच्या फरशीवर.

"तुझ्या?"

"केबिनबाहेर काढल्यात, काका."

"वाच."

त्यातल्या एका रविवारी त्या खरंच कोणी तरी उचलून नेल्या नि मी अनवाणी घरी आलो. शोभानं विचारलं, "चपला गेल्या?" मी म्हटलं, "दिल्या." ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

चार वर्षं असं चाललं. मग काका अंथरुणाला खिळले, आणि शेवटच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी वारले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला रडारड नको. मला रडताना बघणं हा काही चांगला देखावा नाही, शोभानं बघितलाय, तिला विचारा.

त्या शेवटच्या फोनला काकांची सून मेधावहिनी होत्या. म्हणाल्या, "बबनभाऊ, बाबा आता बोलत नाहीत. कालपासून कोणाला ओळखतही नाहीत. तुम्ही उगीच..."

"वहिनी, फोन फक्त त्यांच्या कानाला लावा."

त्यांनी लावला. मी पहिल्या चालीपासून वाचलं. पलीकडं काही नाही, नुसता श्वास. मी उंट सांगितले, घोडे सांगितले. "रा, ह, आठ," सांगितलं, "राहा म्हणतोय, काका." काही नाही. एकविसावी झाली. मी थांबलो. कान फोनला दाबून धरला. टप नाही, काही नाही. बाहेर कोणी तरी काच वाजवत होतं.

तेवढ्यात मेधावहिनींचा आवाज लांबून आला, जरा घाबरलेला. "बबनभाऊ, हे काय करतायत बाबा? पाय हलवतायत. चादरीतनं एका पायानं दुसरा पाय घासतायत. काही तरी काढायला बघतायत. कळत नाही मला, काय हवंय त्यांना?"

"काही नको, वहिनी," मी म्हटलं. "थांबा एक मिनिट. दोन्ही झाले की मला सांगा."

काचेच्या बाहेर माझ्या चपला शेजारी शेजारी पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो.

"झाले," वहिनी म्हणाल्या.

मी वहीत बघितलं नाही. "व," मी म्हटलं. "ग. आठ."